हूणांच्या थडग्यातला रफू

“हा रफू कोण्या गध्यानं केला वं?” पार्बताआत्यानं विचारलं.

उणे आठ अंशांवर ठेवलेल्या कंटेनरमध्ये, बर्फाच्या लादीत अर्धवट रुतलेलं बावीसशे वर्षांपूर्वीचं चिनी रेशीम आमच्यासमोर होतं. फिकट पिवळ्या पोतावर लाल, निळ्या आणि मधाच्या रंगाच्या धाग्यांनी भरलेला एक पक्षी पंख पसरून, मान मागे वळवून उभा होता. उत्खननाची प्रमुख ओयून त्याला पहिल्यांदा पाहताना रडली होती. मी रडले नव्हते, पण दोन मिनिटं मला बोलता आलं नव्हतं, आणि मला ओळखणारे सांगतील की माझ्या बाबतीत हे रडण्याहून अवघड. आणि आमच्या आत्याबाई! लुगड्यावर चढवलेल्या जाकिटात फुगून उभ्या होत्या. पक्ष्याकडे एकदा बघून “हं, चांगला हाये” म्हणाल्या आणि थेट कडेच्या फाटक्या भागावर वाकल्या.

तिथे रेशीम खोगीर घासून विरलं होतं आणि कुणीतरी ते सांधलं होतं. टाके जाड, तिरके, काही तर उसवून पुन्हा घातलेले. ओयूनच्या अहवालात त्यांची एका ओळीत बोळवण झाली होती: ‘नंतरची दुरुस्ती, स्थानिक, अकुशल.’

ओयूनच्या कानातला दुभाषी आत्याच्या झाडीपट्टीच्या मराठीपुढे नेहमीप्रमाणे गडबडला. “तुमच्या आत्या इथलं गाढव कुठे आहे असं विचारताहेत,” ती मला गंभीरपणे म्हणाली. उत्तर मंगोलियातल्या त्या माळावर घोडे शेकड्यांनी होते, गाढव एकही नव्हतं. मी कसंबसं हसू दाबलं.

पार्बताआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावची. गावात कोशाच्या रेशमाचे माग. आत्या मात्र विणायची नाही, रफू करायची. पंचेचाळीस वर्षं तिनं तेच केलं. निखाऱ्यानं जळालेला शालू असो की उंदरानं कुरतडलेलं पातळ, त्याच कापडाच्या पदरातून धागा उपसून ती भोक असं भरायची की बोट फिरवूनही कळू नये. तिच्या कामाचे नियम दोनच. रफू दिसता कामा नये, आणि तो कुणाच्या कापडाला केला हे कुणाला सांगायचं नाही.

आणि मग तिच्या भाचीनं, म्हणजे मी, ताणवाचक नावाचं यंत्र केलं.

रेशीम म्हणजे किड्याच्या तोंडून निघालेली प्रथिनाची अखंड तार. तिच्यातले काही भाग घट्ट रचलेले असतात आणि त्यांच्यामधले सैल, विस्कटलेले. धागा ओढला की सैल भाग ओढीच्या दिशेनं सरळ होतात. सोडला की बरेचसे परत विस्कटतात. बरेचसे, सगळे नाहीत. जे उरतात त्यांच्यात ती ओढ साठून राहते: किती जोराची, कुठल्या दिशेची, कुठे अडखळलेली. क्ष-किरणांची अतिशय बारीक शलाका धाग्यावरून फिरवली तर ही साठलेली ओढ वाचता येते, आणि ओढ कळली की ओढणाऱ्या हाताची हालचाल गणितानं मांडता येते. यंत्राला एक हातमोजा जोडलेला आहे. तो घातला की तीच हालचाल तो तुमच्या बोटांना करायला लावतो. उलटंही होतं: कुणी तो घालून शिवलं की त्या माणसाचा हात कायमचा नोंदला जातो. आम्ही त्याला ‘हात उतरवणं’ म्हणतो.

खोट एकच. शलाकेच्या उबेनं वाचता वाचताच धाग्यातली ओढ सुटते. म्हणजे एक धागा एकदाच वाचता येतो.

चार वर्षांत ताणवाचकाची खिशात मावणारी आवृत्ती निघाली. ती हात वाचत नाही, ‘इथे दुसरा हात लागलाय’ एवढंच वाजून सांगते. जुने शालू घेणाऱ्यांनी ती लगेच उचलली. तुमसरच्या एका बाईंचा शालू लग्नातच जळला होता आणि आत्यानं तो दोन दिवसांत सांधून दिला होता. सासरी तीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता. त्यांच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांकडच्या कुणीतरी गंमत म्हणून त्या शालूवरून यंत्र फिरवलं आणि ते भर मांडवात वाजलं. त्या बाई दुसऱ्या दिवशी आत्याच्या दारात आल्या, काही न बोलता उभ्या राहिल्या आणि गेल्या. आत्या माझ्याशी सहा महिने बोलली नाही. मला त्याची अजून लाज वाटते.

त्याच सुमाराला तिचा उजवा हात कापायला लागला. रिकामा असताना शांत, सुई धरली की थरथर. औषधांनी थोडा फरक पडला, शस्त्रक्रियेला ती नाही म्हणाली. शेवटचा रफू बोटाला लागतोय हे कळल्यावर तिनं तो स्वतःच उसवला, कापड परत केलं आणि त्यानंतर तीन वर्षांत सुईला हात लावला नाही. तिचं काम गावात दुसऱ्या कुणाला येत नाही. मलाही नाही, ज्या वयात शिकायचं त्या वयात मी भौतिकशास्त्राच्या नादी लागले, हे ती मला अधूनमधून ऐकवते. तिच्याबरोबर तो रफूही जाणार हे आम्हा दोघींना स्वच्छ दिसत होतं. मी हात धुऊन मागे लागले होते: आत्या, एकदा मोजा घाल, हात उतरवू दे. तिचं उत्तर ठरलेलं होतं.

“रफूवालीचा हात दिसत नसते, निलू.”

म्हणून मी लबाडी केली. कागदोपत्री ‘टाक्यांच्या जाणकार’ म्हणून तिला इथे घेऊन आले. एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसलेली ती बाई आपल्यासारख्याच हातांचं काम पाहील, यंत्राचं काम पाहील आणि विरघळेल, असा माझा हिशेब होता.

थडगं एका हूण सरदाराचं होतं. लाकडी ओंडक्यांची खोली, तिच्यात सरदार, त्याचे घोडे, घोड्यांची खोगिरं. पुरल्यावर पहिल्याच पावसाळ्यात खोलीत पाणी झिरपलं, हिवाळ्यात गोठलं आणि मग कधी वितळलंच नाही. त्या बर्फानं रेशमाला कीड लागू दिली नाही, हवा लागू दिली नाही, उजेड लागू दिला नाही. चीनमध्ये जिथे ते भरलं गेलं तिथे त्याच्या जोडीचं एक चिंधूकही उरलेलं नाही. उरलं ते इथे, ज्यांना तिकडचे लोक रानटी म्हणत त्यांच्या थडग्यात. ओयूनला हे सांगताना फार आनंद व्हायचा. ती त्या माळावरच्या मेंढपाळांच्या घरात जन्मलेली होती.

पण गेली दोन वर्षं खालचा बर्फच वितळायला लागला होता. म्हणून घाई. त्यातून वितळत्या बर्फात आता माळावरचं खारट पाणी मिसळलेलं; उणे आठलाही ते पुरतं गोठत नव्हतं, आणि त्याहून गार केलं तर रेशीम तडकलं असतं. ते पाणी धाग्यात शिरलं की साठलेली ओढ सुटणार. कापड राहील, चित्र राहील, हात जाईल. लादी उचलल्यापासून आमच्याकडे तीस तास होते. यंत्र तासाला बोटाच्या पेराएवढं वाचतं. पहिले दहा तास पंखाचा एक तुकडा वाचून यंत्र जुळवायचं आणि उरलेले वीस तास पक्ष्याच्या डोक्याला द्यायचे, असं ठरलं होतं. ज्या संग्रहालयासाठी आम्ही काम करत होतो त्यांना डोकंच हवं होतं. येणाऱ्या प्रेक्षकानं मोजा घालून त्या पक्ष्याचा डोळा स्वतःच्या बोटांनी भरायचा, अशी त्यांची कल्पना. कल्पना वाईट नव्हती.

पंख वाचून झाला तेव्हा बाहेर सकाळचं लख्ख ऊन होतं. मी शेजारच्या तंबूत मोजा घातला.

ते कसं सांगू? माझी बोटं माझी राहिली नाहीत. साखळी टाका होता तो: प्रत्येक टाका आधीच्याच्या पोटातून निघतो, नखाएवढ्या रुंदीत अकरा. त्यात घाई नव्हती, जोर नव्हता आणि एकही टाका दुसऱ्यापेक्षा कमीजास्त ओढलेला नव्हता. बावीसशे वर्षांपूर्वीची कुणी एक बाई (बाईच असणार, बोटांचा आवाका तेवढाच होता) माझ्या हातानं पीस भरत होती, आणि मी, जिला शर्टाचं बटण लावता येत नाही, ती श्वास रोखून बघत होते. दर नऊ टाक्यांनी हात क्षणभर थांबायचा आणि सुई बोटांत उलटी फिरायची.

“हे काय करते ही?” मी विचारलं.

“पीळ काढते,” आत्या म्हणाली. कधी ती माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली होती मला कळलंच नाही. “टाके घालता घालता धाग्याले पीळ चढते. मी सातव्याले काढतो. ही नवव्याले. लई दमाची बाई हाये.”

पंचेचाळीस वर्षांत आत्यानं कुणाच्या हाताला दमाचा म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मग ती भिंग घेऊन कंटेनरमध्ये गेली. अर्ध्या तासानं बाहेर आली ती नाकाचा शेंडा लाल झालेली आणि आवाज बसलेला.

“निलू, मी चुकलो वं,” ती म्हणाली. “तो रफू गध्याचा नाई. तो हिचाच हाये.”

मी तिला समजावलं. पक्षी भरला गेला चीनमधल्या राजवाड्याच्या कारखान्यात. चीनच्या दरबारानं हूणांना दिलेल्या सोयरिकीच्या नजराण्यातून तो इथे आला. इथल्यांनी तो खोगिराच्या मापानं कापला, पक्ष्याची शेपटी मधूनच तोडली, नमद्यावर, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड घोंगडीवर, शिवला आणि कित्येक वर्षं घोड्यावर घातला. त्यानंतर तो फाटला. फाटला तेव्हा भरणारी हजार मैल दूर असणार.

“ते मले नको सांगू. नऊ टाके मोज. मग धागा कसा पडला ते पाह्य. पुन्हा नऊ मोज.”

आम्ही ओयूनला बोलावलं. तिनं भिंगातून पाहिलं, मोजलं, पुन्हा मोजलं.

“नजराण्यात राजकन्याही यायच्या,” ती अखेर म्हणाली. “लग्न लावून पाठवलेल्या. त्यांच्याबरोबर दास्या यायच्या. बखरींत राजकन्येचं नाव सापडतं. दास्यांचं कुणी लिहिलेलं नाही.”

वीस तास उरले होते. डोक्याला तेवढे लागणार होते आणि रफूलाही जवळजवळ तेवढेच. दोन्ही होणं शक्य नव्हतं. नऊचा पीळ योगायोग असू शकतो, हे मी आत्याला सांगितलं. एखाद्या रीतीत सगळ्याच जणी नवव्याला पीळ काढत असतील. खात्री करायची तर रफू वाचायला हवा, आणि रफू वाचला तर डोकं कायमचं गेलं.

“कापड माझ्या ताब्यातलं, यंत्र तुझं,” ओयून म्हणाली. “संग्रहालयाला उत्तर तुला द्यायचंय. पण मी तिथे ‘अकुशल’ असं लिहिलंय. ते चूक असेल तर मला कळायला हवं.”

मी आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. डाव्या हातानं उजवा हात धरून बसली होती. खरं सांगते, मी विज्ञानासाठी ठरवलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा ती कुठल्या तरी टाक्याबद्दल इतकं बोलली होती. एवढ्यासाठी मी पक्ष्याचं डोकं सोडलं आणि शलाका रफूकडे वळवली.

पहिल्याच टाक्यात पडद्यावर लाटा आल्या. सरळ चढणारी ओढीची रेघ मिळायला हवी होती, मिळाली सहा ठिकाणी हिंदकळलेली. दुसऱ्या टाक्यातही सहा, तिसऱ्यात सात. कुठेतरी कंप होतोय असं वाटून मी जनित्र तपासलं, यंत्राचे पाय तपासले, केबल तपासल्या. घामाघूम होऊन परत आले तर आत्या पडद्यासमोर बसलेली.

“तुझं यंत्र ठीक हाये,” ती म्हणाली.

तिनं टेबलावरची पेन्सिल सुईसारखी चिमटीत धरली आणि हात पडद्याशेजारी नेला. पेन्सिलीचं टोक आणि ती रेघ एकाच तालात थरथरत होती.

गणितानं नंतर सगळं सांगितलं: नवव्याचा पीळ तोच, ओढायचा कोन तोच, टाका बसल्यावर अंगठ्यानं दाबायची सवय तीच. पंख भरणारी आणि रफू करणारी बाई एकच होती. मध्ये आयुष्याचा मोठा भाग गेला होता. पण आत्याला गणिताची गरज नव्हती. तिनं मोजा स्वतःहून उचलला. मी काही बोलले नाही, बोलले असते तर तिनं तो खाली ठेवला असता.

टाके वाचले जात तसे मोज्यात येत. आत्याचा हात कापत होता आणि त्याच्यावर त्या दुसरीचा कापत होता, आणि कुठला कुणाचा हे मला बाजूनं सांगता येत नव्हतं. तीन टाके, मग उसवलेल्याच्या खुणा. पाच टाके, पुन्हा उसवलेले. “चिडली,” आत्या म्हणायची. “आता रडली.” “आता पाह्य, पुन्हा बसली.” बाविसाव्या टाक्यापर्यंत हेच.

तेविसाव्या टाक्याला रेघ सरळ आली.

एकही लाट नाही. चोविसाव्यात नाही, पंचविसाव्यात नाही. मोजा इतका शांत झाला की तो बंद पडला असं मला वाटलं. उलट सुईनं पाडलेल्या भोकाभोवतीच्या पोताच्या धाग्यांत भलताच ताण दिसायला लागला, जो आधी कधीच नव्हता. मी गणित उलटंपालटं करून पाहिलं. काही केल्या जमेना.

“सुई चालतच नाई,” आत्या हळूच म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते. “हात एका जाग्यावर दाबून ठेवला हाये तिनं. कापड सुईवर येते. डाव्या हातानं आनते.”

“पण हात दाबला तरी थरथर...”

“कायच्या खाली दाबला, हे पाहा लागंल.”

ते ओयूननं शोधलं. तेविसाव्या टाक्यापासून पुढे प्रत्येक टाक्यात पांढऱ्या लोकरीचे एक-दोन केस अडकलेले होते. तिनं ते आधीही पाहिले होते आणि मळ म्हणून सोडून दिले होते. ती बाहेर पळाली आणि आपल्या घोड्यावरचा नमदा घेऊन आली. चांगला वजनदार, घोड्याच्या घामाचा वास मारणारा.

आत्या जमिनीवर बसली. एक गुडघा उभा केला, उजवा हात दुसऱ्या मांडीवर ठेवला आणि नमद्याची दुमडलेली कड मनगटावर ओढून घेतली. बाहेर फक्त दोन बोटं आणि सुई राहिली. सुईचं टोक थरथरलं. तिनं अजून एक घडी वर घेतली. टोक थोडं कमी थरथरलं. उभा गुडघा त्या घडीवर टेकवून तिनं सगळं वजन त्याच्यावर दिलं आणि टोक थांबलं.

डाव्या हातानं तिनं माझ्या ओढणीचा कोपरा सुईवर आणला.

पहिला टाका वाकडा पडला. दुसरा बरा. सातव्यानंतर तिनं सवयीनं पीळ काढला. ओयून तिच्यासमोर उकिडवी बसली होती आणि दुभाष्याशिवाय दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. राजवाड्यातून उचलून परमुलखात आणलेली, कुणी नाव न लिहिलेली ती बाई मला तेव्हा दिसली. तिचा पक्षी लोकांनी घोड्याच्या पाठीच्या मापानं कापला, तिच्या हातातली कला वयानं नेली, आणि तिनं त्याच लोकांच्या जाड्याभरड्या नमद्याखाली हात घालून ती परत मिळवली. माझ्या यंत्राचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि ते इतकं छोटंही कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत रफूचा शेवटचा टाका वाचून झाला. मी शलाका पक्ष्याच्या डोळ्यावर नेऊन पाहिली. धागे सुंदर होते, जागच्या जागी होते आणि गप्प होते. मी कळवल्यावर संग्रहालयाचं उत्तर चार ओळींचं आलं. पुढच्या कामासाठी ते दुसरा गट बघणार होते. ओयूननं अहवालातली ती ओळ खोडली आणि तिथे तीन पानं लिहिली.

मी सामान बांधत होते. आत्या अजून तंबूत, नमदा मांडीवर घेऊन बसलेली. ओढणीच्या कोपऱ्यावर आता रफूची चांगली हातभर पट्टी झाली होती.

“दिसते,” बोट फिरवत ती म्हणाली. “आंधा मानूसबी सांगंल, इथं रफू हाये.”

“मग?”

“मग काय? दिसू दे.” तिनं सुई नमद्यात खोचली. “मोजा आन तुझा.”

मला वाटलं तिला पुन्हा त्या बाईचा हात हवाय. मी यंत्र लावायला लागले तर ती म्हणाली, “तिचा नाई. माझा उतरव.”

तीन वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती आणि आता माझ्याच हातून मोजा दोनदा पडला. घाईघाईत मी तिला सांगू लागले की काळजी करू नको, आमच्याकडे गाळणी आहे. नोंदीतली सगळी थरथर गणितानं काढून टाकता येते, तिचा तरुणपणीचा हात होता तसा स्वच्छ करून ठेवता येईल, कुणाला कळणारही नाही.

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं लहानपणी धागा तोडल्यावर पाहायची.

“तिनं गाळून ठेवला असता तर मी कोनाजवळ शिकलो असतो?” ती म्हणाली. “कापते तसाच घे.”